उपसरपंचाच्या खिशातला शिक्का

मी एक जुना, लाकडी मुठीचा शिक्का आहे. मित्रांनो, लोहारा गावातल्या शिक्क्यांच्या एका छोट्या दुकानात माझा जन्म झाला. माझ्या रबरावर 'सरपंच' ही अक्षरं कोरली, तेव्हा मला कोण आनंद झाला! गावाला पहिल्यांदाच बाई सरपंच मिळाली होती. आता जाईबाईंच्या हातात मानानं राहायचं, असं मला वाटलं.

कसचं काय! पहिल्याच दिवशी उपसरपंच रणधीर म्हणाले, "जाईबाई, तुमी कशाला तरास घेता?" आणि मी गेलो त्यांच्या शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. जाईबाई घरूनच कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायच्या. तशी रीतच पडली होती. त्या सह्यांखाली मी ठसठशीत उमटायचो आणि लोक वाखाणायचे तेव्हा फुशारून जायचो. तीन वर्षं माझ्या सरपंचांचा हात मला ठाऊक नव्हता.

यंदा महिला दिनाच्या ग्रामसभेत शाळेतल्या श्रावस्तीबाई बोलायला उठल्या. जपानात १९४६ च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि एकोणचाळीस जणी थेट संसदेत जाऊन बसल्या, असं त्यांनी सांगितलं.

जाईबाईंनी विचारलं, "त्यांचे शिक्के कोन संभाळत व्हतं, बाई?"

सभा हसली. श्रावस्तीबाई हसल्या नाहीत. त्यांनी पंचायतीच्या फलकावर लावलेला ठराव मोठ्यानं वाचला. शाळेतल्या मुलींच्या शौचालयाची जागा रणधीर यांच्या भावाला दुकानासाठी दिली होती! खाली जाईबाईंची सही, आणि मी.

हे पाप माझ्या तोंडून उमटलं? जाईबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांची नात त्याच शाळेत शिकत होती.

"म्या ह्यो कागद बघितलाबी न्हाय," त्या म्हणाल्या. "पर सही माझी हाय, म्हंजी चूकबी माझी. शिक्का द्या, रणधीरदादा."

रणधीर जागचे हलेनात. तेवढ्यात म्हाताऱ्या सारजाबाईंनी ठराव रद्द करायला हात वर केला. मग बायकांचे हातच हात! रणधीरांनी मला खिशातून बाहेर काढलं आणि जाईबाईंच्या हाती दिलं.

खुरपं धरून घट्टे पडलेला तो हात होता. त्याला माझी सवय नव्हती, म्हणून रद्द केल्याच्या कागदावर मी उलटा उमटलो.

"उलटा पडला की!" रणधीर हसले.

"पडू द्या," जाईबाई म्हणाल्या. "रद्द ते रद्दच."

मित्रांनो, मी काय, लाकूड आणि रबर. ज्याच्या हाती जाईन त्याचंच बोलतो. मला जपायचं असेल तर कापडात गुंडाळून ठेवू नका. जिचा आहे तिच्या मुठीत द्या.