नळी थुंकेपर्यंत

"काल नळी थुंकली होती ना रे?" पंपमिस्त्रीने जमिनीवर बसल्या बसल्या विचारलं. त्याच्यापुढे दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा निर्वात पंप उघडून पडला होता.

"थुंकली की," थंडोबा म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेला खरा, पण कान तापले.

एकतीस वर्षं तो रोज तिन्हीसांजेच्या आत दुर्बिणीचा कॅमेरा गार ठेवणाऱ्या टाकीत द्रव नायट्रोजन भरत आला होता. नाव पडलं ते त्यावरूनच. भरताना आधी नळीतून पांढरी वाफ येते आणि नवखा माणूस तिथेच फसतो. टाकी खरोखर भरली की नळी द्रव थुंकते. चार पिढ्यांच्या नवख्यांकडून हे घोकून घेणारा माणूस काल स्वतःच वाफ बघून खाली उतरला होता. खाली त्याच्या निरोपाचा चहा होता आणि बायको आली होती, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

नेमका पहाटे चारला उपग्रहाचा निरोप आला: गॅमा किरणांचा स्फोट. कुठेतरी एक अवाढव्य तारा मेला होता. मागे उरलेला उजेड काही तासांत मंदावतो. तो त्या ताऱ्याच्याच दीर्घिकेतल्या वायूतून येतो, म्हणून विश्व कोवळं असताना तिथे काय काय घडलेलं होतं ते त्यात वाचता येतं. इथल्या शास्त्रज्ञ बाई असल्या एका उजेडासाठी अकरा वर्षं डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. त्यांनी दुर्बीण वळवली. चाळीस मिनिटांनी कॅमेरा तापला आणि पडद्यावर नुसते ठिपके उरले.

बाई आत आल्या. रडून झालेलं दिसत होतं.

"अंतर तेवढं मिळालं. तेराशे कोटी वर्षांपूर्वीचा उजेड होता. बाकी काहीच नाही." त्यांनी पंपाकडे पाहिलं. "यानेच दगा दिला असणार. अहवालात तसं लिहिते."

पंपमिस्त्रीने पाना खाली ठेवला. त्याची नोकरी अजून चार वर्षं होती.

थंडोबा दुपारी नोकरीतून निवृत्त होणार होता. गप्प बसला असता तर कुणाला सुगावाही लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यालाही कळत होतं.

"बाई, पंप चांगला आहे. मीच टाकी अर्धवट भरली. घाई केली."

"आणि मला थुंकली म्हणालास?" मिस्त्री म्हणाला.

"खोटं बोललो."

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग मला तसंच लिहावं लागेल."

"लिहा. माझ्या नावानिशी लिहा."

दुपारी घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता थबकली.

"अहो, म्हणजे माझ्यामुळे?"

"छे. तू कुठे म्हणालीस लवकर या म्हणून?"

"पुन्हा नाही का दिसणार तो?"

"दुसरे दिसतील. हा गेला. तेराशे कोटी वर्षं तो उजेड कुठे अडला नाही गं. माझ्यापाशी आला आणि वाया गेला."

बायको 'जाऊ दे' म्हणाली नाही. खुर्ची ओढून ती त्याच्या शेजारी बसली.