ओली रेघ

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. दुकान टाकल्यापासून बारा वर्षांत त्यांनी माझ्या कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी सकाळीच दुकानात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

पिशवीतून सायकलचा चिमटा निघाला, पुढचं चाक दोन पायांत धरणारा. कार्बन फायबरचा, स्टिकर खरवडून काढलेला.

"मित्राचा आहे. जरा ओरखडे गेलेत. संध्याकाळपर्यंत क्लिअर मारून द्या."

"कोण मित्र?"

"तुम्हाला काय करायचंय?"

मला काय करायचंय! अहो, पारदर्शक लेप देणं हा माझा धंदा. लेप उन्हापाण्यापासून राखतो, चमक देतो, पण मोडलेलं सांधत नाही. आणि चमक दिसली की गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं. भावोजी नक्की कुणाच्या तरी गळ्यात खराब माल मारणार होते.

मी नाण्याने चिमटा वाजवत गेले. टण, टण, टण... आणि उजव्या पायाला वरच्या बाजूला थप्प. मग पॉलिश पेपरने घासला, थिनरचा बोळा फिरवला. ओला असताना सगळाच कार्बन साजरा दिसतो, खरं काय ते वाळताना कळतं. बाकी सगळं वाळलं, एक आडवी रेघ मात्र ओलीच राहिली. चिरेत थिनर मुरलं होतं.

"भावोजी, कुणाच्या जिवावर उठलात? उतारावर हा मोडला तर माणूस तोंडावर आपटेल!"

"तुम्ही ना, राईचा पर्वत करता," ते म्हणाले, पण कपाळावर घाम होता. चोराच्या मनात चांदणं.

नीट बघायला मी चिमटा दिव्याखाली धरला. रेघेच्या जरा वर, जुन्या लेपात एक लांब पांढरा केस अडकला होता. माझाच. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या सायकलला लेप देताना पडलेला. मी घासून काढणार होते, तर ती म्हणाली होती, "राहू दे आई, शर्यतीत तू सोबत असशील."

मी चिमटा टेबलावर ठेवला.

"ती पडली?"

"गेल्या आठवड्यात," भावोजी खाली बघत म्हणाले. "ओरखडे दिसले तर आई रविवारी शर्यतीला सोडणार नाही म्हणाली. आणि हे काम करणारं तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण? स्टिकर काढले की आई ओळखणार नाही, असंही म्हणाली. वहिनी, चिरेचं खरंच माहीत नव्हतं हो."

आठ दिवस ती उकाड्यात लांब बाह्या घालून माझ्यासमोर जेवत होती. साऱ्या जगावर संशय घेणारी मी, मला त्या बाह्या दिसल्या नाहीत.

मास्क लावला, करवत घेतली आणि भावोजी "अहो, अहो" म्हणेपर्यंत चिमटा त्या रेघेवरच कापला.

संध्याकाळी लेक आली ती "काका, झालं का?" विचारतच. समोर मी, आणि टेबलावर दोन तुकडे.

"आई, रविवारी शर्यत आहे गं!" तिचा आवाज रडवेला झाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. "आधी बाही वर कर."