लडकूची दृष्ट

मी एक जुनी, टवका उडालेली मिठाची बरणी आहे. मित्रांनो, माझा जन्म चिनी मातीचा. भट्टीत भाजून निघाले आणि भिवंडीच्या बाजारातून हौसाबाईंच्या कडेवर बसून दिघाशीला आले. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या.

माझ्या पोटात खाडीकाठचं खडेमीठ असे. मिठाला भुतंखेतं भितात, असं घरात सगळे मानत. नवरीच्या पदराला मिठाचा खडा बांधत. दिवेलागणीनंतर मीठ कुणाला उसनं देत नसत. पुढे पुडीतलं बारीक मीठ आलं आणि मी मागच्या दाराजवळच्या फळीवर गेले. आता फक्त दृष्ट काढायला माझी आठवण होई.

गेल्या उन्हाळ्यात हौसाबाईंची तान्ही नात उन्नती आजारी पडली. सकाळपासून जुलाब थांबेनात. हौसाबाईंनी मूठभर मीठ-मोहरी तिच्यावरून ओवाळून पडवीतल्या चुलीत टाकली. मीठ ताडताड उडालं.

"बघ, किती मोठी नजर हाय! काल लडकू आलेली. बोलली, काय गुटगुटीत पोर हाय! तिचीच लागली."

लडकू शेजारची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तेवढ्यात तीच दारात आली.

"तू आत येऊ नको," हौसाबाई म्हणाल्या.

लडकू उंबऱ्याबाहेरच थांबली. मला फार वाईट वाटलं. ओलसर मीठ कुठल्याही आगीत उडतंच. पण मला बोलता थोडंच येतं?

"आई, पोर रडते, पण डोळ्यांत पाणी न्हाय!" सून क्षितिजा घाबरून म्हणाली.

लडकू बाहेरूनच ओरडली, "क्षितिजा, उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आन चिमूटभर मीठ घाल. चमच्याचमच्यानं पाज. मी रिक्षा आणते."

पुडी शोधायला वेळ कुठला? क्षितिजाने माझंच झाकण उघडलं. लडकू उन्हात अनवाणी धावली. पुढचं मी नंतर क्षितिजाच्या तोंडून ऐकलं. रिक्षात क्षितिजा पाणी पाजत राहिली, लडकू पोरीचं डोकं सावरत राहिली. डॉक्टर म्हणाले, "पाणी पाजत आणलंत, बरं केलंत. अंगातलं पाणी फार कमी झालं होतं."

उन्नती हसत घरी आली. हौसाबाईंनी लडकूला हाताला धरून आत आणलं आणि पाटावर बसवलं. माझ्यातलं मूठभर मीठ घेतलं.

"माझी दृष्ट? माझी कशाला?" लडकू गोंधळली.

"लोकं तुला लय वाईट बोलतात गं. त्यांची लागली असंल. आन पयली माझीच."

मीठ चुलीत तडतडलं. लडकू आधी रडली, मग खुदकन हसली.

मित्रांनो, मी आता सुखात आहे. फक्त ओला हात माझ्यात घालू नका. दृष्ट खुशाल काढा, माया असते त्यात. पण आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या. आणि मीठ तडतडलं म्हणून कुणा गरीब बाईवर आळ घालू नका.