घट्ट पट्टी

"तुम्ही राहू द्या. धाकट्या सिस्टर येऊ देत, मला काही घाई नाही," असं म्हणत मास्तरांनी पाय पांघरुणाखाली ओढून घेतला.

थोरल्या सिस्टर हातात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या या वॉर्डात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर लावलेली पिशवी बदलावी तर त्यांनी, पायाची न भरणारी जखम धुवावी तर त्यांनी, असं डॉक्टरसुद्धा म्हणत. आणि ही धाकटी चार महिन्यांपूर्वी आलेली! काम बेताचं, पण बोलणं असं की कण्हणारा माणूसही हसायचा. कुणाच्या नातीची परीक्षा, कुणाच्या मांजरीची पिल्लं, सगळं हिला तोंडपाठ.

"येईल हं तुमची लाडकी," त्या म्हणाल्या आणि ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला.

धाकटी आली, मास्तरांशी गप्पा मारत जखम धुतली, पट्टी बांधून पुढे गेली. दहाच्या सुमाराला थोरल्या सिस्टर तिथून जात होत्या. पांघरुणाबाहेर आलेली मास्तरांच्या पायाची बोटं पांढरीफटक दिसली. त्या थबकल्या. मास्तरांच्या पायाला मुळात रक्त कमी पोचत होतं, पट्टी सैल हवी होती. धाकटीने ती सुजलेल्या पायाला बांधतात तशी ताणून बांधली होती.

"पाय दुखतोय का हो?"

"छे! जरा बधिर झालाय. पण बांधलंय कसं झकास!"

साडेदहाला डॉक्टर राउंडला येणार होते. पाहू देत त्यांनाच, थोरल्या सिस्टरांच्या मनात आलं. सगळ्यांसमोर पाहू देत. एकदा कळू दे, गोड बोलणं वेगळं आणि काम वेगळं.

त्या पुढे गेल्या. कोपऱ्यातल्या खाटेवर शिवणकाम करणारी बाई होती, तिची पोटावरची पिशवी बदलायची होती. त्यांनी जुनी पिशवी हलकेच सोडवली, भोवतालची कातडी कोमट पाण्याने पुसली.

"तुमचा हात लागला तरी कळत नाही, सिस्टर," बाई म्हणाली. "त्या धाकट्यांची मात्र जीभ लाघवी. त्या असल्या की वेळ कसा जातो समजत नाही."

थोरल्या सिस्टरांनी मान हलवली. नवी पिशवी नीट चिकटली आहे का, हे त्या बोट फिरवून पाहत होत्या, पण डोळ्यांपुढून ती पांढरी बोटं हलेनात. घड्याळात सव्वादहा वाजले होते. काम संपताच हातमोजे काढून त्या जवळजवळ धावतच निघाल्या.

"अहो, हे काय करताय? चांगली बांधलेली सोडता कशाला?" मास्तर ओरडले.

पट्टी भराभर उलगडून त्यांनी पावलावर दोन बोटं टेकली. काहीच लागेना. थोड्या वेळाने अगदी बारीकशी नाडी लागली, मग पायाच्या बोटांवर हळूहळू रंग चढला. आवाज ऐकून धाकटी आली होती. सोडलेली पट्टी पाहताच तिचा चेहरा उतरला.

डॉक्टर आले तेव्हा कुणी विचारायच्या आत तीच म्हणाली, "सर, चूक माझी. मी नाडी न बघता घट्ट बांधली. ताईंनी पाहिलं म्हणून निभावलं."

डॉक्टरांनी पाय तपासला. "पाय ठीक आहे. पुन्हा असं नको. पण स्वतःहून सांगितलंस, हे चांगलं केलंस." मास्तरांनीही तिचीच समजूत घातली, "होतं असं कधीकधी, बाळ."

म्हणजे चूक करूनही कौतुक हिचंच. थोरल्या सिस्टरांनी नवी पट्टी सैलसर बांधायला घेतली.

दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत धाकटी त्यांच्याजवळ आली. "ताई, नाडी कशी शोधायची ते शिकवाल मला? तुम्ही नसतात तर..."

"मी होते," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "दहालाच पाहिलं होतं मी. पंधरा मिनिटं गप्प बसले."

"का?"

"डॉक्टरांसमोर तुझी फजिती व्हावी म्हणून."

धाकटीने टेबलावरच्या पट्ट्यांच्या घड्या घातल्या आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या पायाशी धाकटी वाकली होती. बोटं इकडे सरकवत होती, तिकडे सरकवत होती, पण नाडी सापडत नव्हती. दोन खाटा सोडून थोरल्या सिस्टर सलाईन लावत होत्या. बोट कुठे टेकायचं ते त्यांना तिथूनही दिसत होतं. तिने एकदा मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्वतःच शोधू लागली.