गादीवर झोपलेली पातेली

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, उशाशी बसून झोपेची बातमी देणारा. यमुनाबाई उस्मानपुऱ्यातली जुनी गल्ली सोडून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेल्या आणि त्यांची सख्खी शेजारीण जमिलाबी मागे राहिली. मग फोन सुरू झाले. पण एकीचा फोन नेमका दुसरीच्या दुपारच्या झोपेत वाजायचा, की झाले रुसवेफुगवे! शेवटी यमुनाबाईंच्या मुलाने, देवेशने, आम्हा दोन दिव्यांना घडवलं. एक तिकडे गेला, मी जमिलाबींकडे आलो. जमिलाबींच्या गादीखाली बसवलेल्या पट्टीवर वजन पडलं की मी तिकडे कळवायचं आणि तिकडचा दिवा निळा व्हायचा. निळा म्हणजे मैत्रीण झोपली, पिवळा म्हणजे उठली. भांडणं मिटली. जमिलाबी मला रोज ओढणीने पुसायच्या. काय माझा रुबाब होता म्हणून सांगू!

मग दुष्काळ पडला. शहर वाढत होतं, नळाला मात्र आठ-आठ दिवस पाणी येईना. एका सकाळी नळ आला. जमिलाबींनी हंडे, बादल्या, पिंप सगळं भरलं. जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून गादीवर ताडपत्री टाकून दोन मोठी पातेली ठेवली. मी शहाणा! त्यांनाच जमिलाबी समजलो.

दुपार टळली आणि दार धाडकन उघडलं. दारात यमुनाबाई, डोळे रडून लाल.

"सकाळपासून दिवा निळाच आहे जमिला! फोन उचलत नाहीस! घरात एकटी तू... मला वाटलं..."

"या अल्ला! अगं, नळ आला होता. फोन भिजंल म्हणून कपाटात टाकला. अन् झोपलं कोन? त्ये बघ, पातेले झोपलेत!"

यमुनाबाईंनी गादीकडे पाहिलं. आधी मैत्रिणीला एक धपाटा घातला, मग घट्ट मिठी मारली, मग दोघी पोट धरून हसत सुटल्या. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून चहा ओट्यावर झाला. घर बदलल्यापासूनची ही पहिलीच भेट होती. रोज खुशाली कळत होती ना, म्हणून भेटायचं राहूनच गेलं होतं.

संध्याकाळी देवेश आईला न्यायला आला. म्हणाला, "माणूस आणि पातेलं ओळखेल अशी दुरुस्ती करून देतो."

"काही नको," यमुनाबाई म्हणाल्या. "नळाच्या दिवशी चुकू दे त्याला. मी येत जाईन."

आता नळ आला की, जमिनीवर जागा असली तरी जमिलाबी पहिलं पातेलं गादीवरच ठेवतात, आणि मी आनंदाने खोटं बोलतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला जपा. पण माझा रंग पाहून घरी बसू नका. पायात चपला घाला आणि जाऊन या.