पाचवं माप

पद्मजाताईंनी ओट्यावरचे डबे उतरवून जेवणाच्या टेबलावर मांडले, मिक्सर बाजूला केला आणि काळा कडप्पा लख्ख पुसून काढला. महिन्याभरात हे पाचव्यांदा चाललं होतं. ओटा बदलायचा त्यांचा काडीचाही विचार नव्हता. माप घ्यायला माणूस येणार होता, म्हणून ही सारी लगबग.

पहिल्यांदा मात्र त्यांनी खरंच ओटा बदलायचा म्हणून बोलावलं होतं. सिंकपाशी दगडाला तडा गेला होता आणि पाणी खालच्या कपाटात झिरपत होतं. बिबवेवाडीतल्या एका दुकानातून समाधान नावाचा माणूस आला. टेपचं एक टोक त्याने बाईंच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो खिडकीपर्यंत गेला. मग म्हणाला, स्वयंपाक जे करतात त्यांनी उभं राहून पोळी लाटल्यासारखं करायचं, ओट्याची उंची कोपरावरून ठरते. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना उभं करणाऱ्या बाई मुकाट्याने उभ्या राहिल्या आणि हवेत पोळी लाटू लागल्या. नवरा, श्यामराव, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा आमोद दर रविवारी कॅनडाहून फोन करून गोळ्या घेतल्या का, एवढं विचारायचा. आपल्या कोपराची कुणी चौकशी करेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. समाधान पाऊण तास होता. चहा झाला, त्याच्या मुलीच्या दहावीचा विषय निघाला, गणिताला क्लास लावावा की नाही यावर बाईंनी आपलं मत दिलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी ते नीट ऐकून घेतलं, म्हणून तो गेल्यावर त्यांना भरून आलं.

पुढच्या आठवड्यात प्लंबरने तडा भरून दिला, गळती थांबली. विषय तिथेच संपायला हवा होता. पण माप फुकट घेतात हे बाईंना कळलं होतं, आणि पुण्यात दुकानांना काय तोटा? कुणी विचारलंच असतं, तर चार ठिकाणी चौकशी केलेली बरी, असं त्यांनी सांगितलं असतं आणि या गावात ते कुणालाही पटलं असतं.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर समोर समाधानच. त्याने दुकान बदललं होतं.

कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारख्या पद्मजाताई दारातच उभ्या राहिल्या. त्याला मात्र ओळखीचं घर निघालं याचाच आनंद झाला. आत येऊन त्याने रिकामा ओटा पाहिला, भरलेला तडा पाहिला आणि मधल्या काळात किती जण माप घेऊन गेले, ते विचारलं. बाईंना खोटं बोलवेना. तुमच्यानंतर तिघे, म्हणाल्या. आता हा हसेल किंवा दुखावला जाईल आणि दोन्ही आपल्याला सोसणार नाही, असं वाटून त्यांनी घाईघाईने चहाचं आधण ठेवलं.

समाधानला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक चोखंदळ आहे, एवढाच अर्थ त्याने घेतला. खिशातल्या वहीत त्याचं जुनं माप होतंच. टेप पिशवीतच राहिली. त्याने स्वच्छ आकृती काढली, त्यावर कोपराची उंचीही लिहिली आणि कागद फाडून त्यांच्या हातात दिला.

"काकू, आता कुणालाच घरी बोलवायचं नाय. याचा फोटो काढून पाठवा, घरबसल्या समदे भाव सांगतील. किती माणसांची उठबस करत बसलाय तुम्ही?"

त्याने हे इतक्या मायेने केलं होतं की रागवायचीही सोय नव्हती. पण त्या एका कागदाने बाईंच्या सगळ्या दुपारी संपवून टाकल्या होत्या. चहा तो उभ्याउभ्याच प्यायला, कारण त्याला कात्रजला दुसरं माप होतं. तो चपला घालू लागला तेव्हा त्यांना राहवलं नाही. ओटा करायचाच म्हटलं तर किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं.

"एक दिवस. दगड कारखान्यातून कापूनच येतो. सकाळी जुना काढला की संध्याकाळी नव्यावर स्वयंपाक. तुम्हाला कसला त्रास नाय."

पद्मजाताईंनी आपल्या धडधाकट ओट्याकडे एकवार पाहिलं.

"कारखान्यातून नको," त्या म्हणाल्या. "इथेच बसून कापा, इथेच घासा. दोन-तीन माणसं आणा, आठवडा गेला तरी चालेल. होऊ दे मला त्रास."