धांदऱ्याचं नाव कोणी घेईना

आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही, लावा पैज. मागच्या वर्षी नोकरीला लागलेल्या पोरांना तर मुळीच नाही. एक चांगला धडधाकट, दोन्ही वेळा पोटभर जेवणारा माणूस याच कंपनीत, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थोडा थोडा करत दिसेनासा झाला. आणि का, तर इथली माणसं फार चांगली वागायला लागली म्हणून. हसा, हसून घ्या. ताई समोरच बसल्या आहेत. आज त्यांचा इथला शेवटचा दिवस, निरोपाला जुनी-नवी सगळी मंडळी जमली आहेत, मग गोष्ट त्यांची नाही सांगायची तर कोणाची? एक अक्षर जरी पदरचं वाटलं तर खुशाल टोका.

तर तेव्हा कंपनी म्हणजे एक लांबट खोली होती. एकाने कोपर हलवलं की दुसऱ्याचा चहा सांडायचा. काम हेच, आजचंच: लोकांनी आपले घरचे फोटो आपल्याकडे ठेवायचे आणि आपण ते डोळ्यांत तेल घालून जपायचे. ताई टीमच्या प्रमुख. टेस्टिंग करणारी होती तिला सगळे मुंगी म्हणत, कारण कुठे काय सांडलंय ते तिला बरोबर सापडायचं. ग्राहकांचे फोन घ्यायच्या त्या मावशी. आणि एक होता धांदऱ्या. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. हात डोक्याच्या पुढे धावायचे. आधी छत्री उघडायचा, मग दारातून बाहेर पडायला बघायचा. मेल आधी पाठवायचा, मग वाचायचा. पण अडल्यानडल्याला पहिला तोच. दुसऱ्याचं काम रखडलेलं दिसलं की आपलं अर्धं टाकून तिकडे पळायचा. अर्थात, त्यामुळे दोन्ही कामं बिघडायची, तो भाग वेगळा.

कोणाच्या हातून चूक झाली की त्या खोलीत हजेरी व्हायची. ज्याची चूक त्याने आपली खुर्ची वळवून सगळ्यांकडे तोंड करून बसायचं, आणि मग एकेकाने त्याला मनसोक्त बोलून घ्यायचं. कोणी अक्कल काढायचं, कोणी शाळा काढायचं, मुंगी तर आडनावापासून सुरुवात करायची. सगळ्यांचं बोलून झालं की ताई स्वतः उठायच्या आणि त्याच्या हातात चहा द्यायच्या. चहा प्याला की चूक पोटात गेली. नंतर तो विषय काढला तर काढणाऱ्याची हजेरी. धांदऱ्या इतक्या वेळा त्या खुर्चीत बसला होता, की मंडळी सुरुवात करायला उशीर करू लागली तर तोच म्हणायचा, चला आटपा, चहा गार होतोय.

पुढे कंपनी वाढली. हा मजला घेतला, काचेच्या खोल्या आल्या, आपोआप उघडणारी दारं आली. इतकं सगळं आलं, मग मूल्यंही हवीतच. ती ठरवून द्यायला एक गृहस्थ आले, रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन. म्हणाले, प्रत्येकाने मनाच्या तळातून एकेक मूल्य काढा आणि भिंतीवर लावा. मूल्यं निघेपर्यंत जेवायला सोडेनात, त्यामुळे तळापर्यंत जायला कोणाला वेळ लागला नाही. प्रामाणिकपणा एसीच्या तोंडापाशी लावला गेला आणि सारखा गळून पडायला लागला. शेवटी प्रामाणिकपणाला चिकटपट्टी मारावी लागली.

ताईंनी मात्र चिठ्ठी कोरी धरून ठेवली होती. त्यांच्या मनात एक जुनी खोली होती, आधीच्या नोकरीतली. तिथल्या साहेबाने एका चुकीपायी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून त्यांचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं होतं, खिळ्यावर हातोडी मारावी तसं. तिथे शेवटी चहा नव्हता. पुढे कितीतरी दिवस घरी आईने नावाने हाक मारली तरी त्या दचकायच्या. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं: चूक पद्धतीची असते, माणसाची नाही, आम्ही चुकणाऱ्याचं नाव घेत नाही.

टाळ्या पडल्या. गृहस्थांनी डोळे पुसले, फीमध्ये तेही धरलं असावं. ते वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत भिंतीवर गेलं, आणि त्याच्याखाली रोजचं वागणं कसं असावं ते: आवाज चढवायचा नाही, टोपणनावं नाहीत, हजेरी बंद. मुंगीने विचारलं, मग तो चहाही बंद का? गृहस्थ म्हणाले, चहा मशीनमध्ये आहे की, ज्याला हवा तेव्हा त्याने घ्यावा.

आणि मग धांदऱ्याने आपल्या जन्माची सगळ्यात मोठी चूक केली.

फोटोंचे साठे दोन. एक खरा, लोकांचा. दुसरा सरावाचा, आपल्याला काय करून बघायचं ते बघायला. धांदऱ्याला सरावाचा साठा रिकामा करायचा होता. दोन्ही समोर उघडे, दोन्ही दिसायला जुळे भाऊ. त्याने खरा रिकामा केला. बरेचसे फोटो दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीवरून परत आणता आले, पण अगदी ताजे होते त्यांची प्रत अजून व्हायची होती. ते गेले ते गेले. मावशी दिवसभर फोनवर. लोक ओरडले त्याचं त्यांना काही वाटलं नाही, पण एक माणूस ओरडला नाही. त्याने वडिलांचा शेवटचा फोटो त्याच सकाळी इथे ठेवला होता, आणि आता जपून राहील म्हणून आपल्या फोनमधून काढून टाकला होता. तुम्ही नीट बघाल का पुन्हा, एवढंच तो म्हणत होता. मावशींनी फोन ठेवून हे सांगितलं तेव्हा धांदऱ्या मागेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. धांदऱ्या आपली खुर्ची ओढत घेऊन आला आणि वळवून, सगळ्यांकडे तोंड करून बसला.

कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरलेलं नव्हतं, पण भिंत समोर होती. सगळे पडद्याकडे बघत शांत आवाजात बोलले. दोन साठे सारखे दिसतात, ते वेगळे दिसायला हवेत. पुसण्याआधी यंत्राने दोनदा विचारायला हवं. प्रत लवकर व्हायला हवी. सगळं खरं होतं, आणि पुढे केलंही. नाव कोणाचंच निघालं नाही. ताईंचा ऊर भरून आला होता. आपण उभे राहिलो तसं या पोराला उभं राहावं लागलं नाही, याचाच त्यांना आनंद. बैठक संपली, मंडळी उठली, आणि धांदऱ्याने आपली खुर्ची आपणच परत वळवली.

तिथून सुरू झालं. चुकीशी नाव जोडायचं नाही म्हणून ते टाळायचं, ते ठीक. पण इतर वेळी घेतलं तरी त्याला ती चूक आठवेल, अशी प्रत्येकाला धास्ती. मग काम सांगायचं तर 'त्या टेबलाला सांगा'. वाढदिवसाला केकवर नुसतंच 'अभिनंदन'. जो तो त्याला जपत होता, काचेचं भांडं जपावं तसा, म्हणजे हात न लावता.

आता ऐका, इथे तुमची मान हलणार. पहिल्यांदा आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडेना. तो समोर उभा राहायचा, दार ढिम्म. मग कोणाच्या तरी मागून आत यायचा. मग त्याच्या टेबलावरचा दिवा, तो खाली बसलेला असताना, इथे कोणी नाही असं समजून विझायला लागला. लिफ्टमध्ये एकटा शिरला तर लिफ्ट त्याला पोटात घेऊन दुसऱ्याच कोणी बोलावलेल्या मजल्यावर निघून जायची. चहाच्या मशीनने कप टाकणं बंद केलं. आणि मुंगी आजही शपथेवर सांगेल, एका दुपारी तिला त्याच्या शर्टाच्या आरपार खिडकी दिसली, आणि खिडकीतलं समोरच्या इमारतीचं गच्चीवरचं धुणंसुद्धा.

ताईंना दिसत नव्हतं असं नाही. रोज सकाळी आंघोळ करताना त्या पाण्याच्या आवाजाआड सगळं बोलून घ्यायच्या: धांदऱ्या, डोळे काय गहाण टाकले होतेस? आणि ऑफिसात येऊन त्याच्या टेबलापाशी थांबून विचारायच्या, सगळं ठीक? तो म्हणायचा, ठीक. पाठीमागे त्यांचीच अक्षरं हातभर उंचीची. आपणच ती मोडली तर उद्या कोणीतरी कोणाला तरी उभं करून हातोडी चालवणार, ही भीती त्यांच्या मनातून जाईना.

एकदा तोच त्यांच्या काचेच्या खोलीत आला. बसला नाही.

"ताई, तुम्ही मला काहीतरी बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचात तसं."

"अरे, ती चूक तुझी नव्हतीच."

"मग कोणाची होती?"

"पद्धतीची."

"तो वडिलांचा फोटो मी पुसला, ताई. पद्धत त्या दिवशी माझ्याच खुर्चीत बसली होती."

ताईंच्या जिभेवर शब्द आला होता. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण बाहेर पडलं ते एवढंच, की स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. त्याने मान हलवली, आभार मानले आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

त्याचा शेवटचा दिवस असा सभ्य, की बघवेना. सगळ्यांनी हात मिळवले, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या, कोणी डोळ्यांत बघितलं नाही. लिफ्टचा भरवसा नव्हता, म्हणून तो जिन्याने निघाला. ताई आपल्या खोलीत बसून त्याच्या पायांचा आवाज ऐकत होत्या. आवाज एक मजला उतरला आणि थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना. ताईंना कळलं, तो वाट बघतोय. आत्ता हाक गेली तर गेली, नाहीतर माणूस गेला.

आणि मग, मंडळी, ताई उठल्या. खुर्ची मागे पडली, चप्पल एक पायात, एक टेबलाखाली. जिन्याच्या कठड्यावरून निम्म्या बाहेर वाकल्या आणि अशा ओरडल्या की तळमजल्यावरचा पहारेकरी सलाम ठोकून उभा राहिला. "अरे ए धांदऱ्या, मेल्या, डोळे फुटले होते का तुझे? एका माणसाचा बाप पुसलास तू. वर ये, चहा गार होतोय." एकदम दिवे लागले, लिफ्ट धावत आली, सगळी दारं एका वेळी उघडली. आणि धांदऱ्या वर यायला लागला. पायरीगणिक त्याच्या अंगात रंग भरत होता, आधी बूट, मग विजार, मग त्याचा तो चुकीची बटणं लावलेला शर्ट. ढसाढसा रडत होता आणि हसत होता. मुंगीने आडनावापासून सुरुवात केली, मावशींनी पाठीत धपाटा घातला, आणि ताईंनी त्याच्या हातात कप दिला. ताई बघा कशा खाली बघताहेत, कौतुक केलं की त्यांना असंच अवघडायला होतं. त्या दिवसापासून या कंपनीत...

"काका, राहू द्या."

मागच्या रांगेतून, खांबाला लागून असलेल्या खुर्चीवरून आवाज आला. तिथे कोणी बसलंय हे आत्तापर्यंत कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ताईंनी मान वर केली आणि हातातला कप खाली ठेवला.

"मी त्या जिन्यात बराच वेळ थांबलो होतो," धांदऱ्या म्हणाला. "वरून कोणी हाक मारली नाही."